दोघांची संघटना होत नाही, तालुक्याची होते: ग्रंथालय सेवकांनी सुरुवात कुठून करावी

प्रश्न असा आहे: "आमचे वाचनालय 'इतर क' वर्गाचे, बाजारगावातले. आम्ही दोघे कर्मचारी. पगार तीन हजारांच्या आसपास, तोही अनुदानाचा हप्ता आला की. संघटना करावी म्हणतो, पण दोघांची कसली संघटना? आणि गावाला वाटते, वाचनालय म्हणजे चार म्हाताऱ्यांची पेपर वाचायची जागा. सुरुवात कुठून करावी?"

आधी तुमचा मालक कोण, हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. तुम्हाला नेमले कार्यकारी मंडळाने, हजेरीपत्रक त्यांचे, पगारपत्रकावर सही सचिवांची. कायद्याने मालक तेच. पण त्यांच्या हातात पैसा नाही. पैसा येतो ग्रंथालय संचालनालयाकडून, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या मार्फत, आणि शासनाची भूमिका अशी की आम्ही संस्थेला अनुदान देतो, कर्मचारी आमचे नव्हेत. मंडळाकडे गेलात की ते शासनाकडे बोट दाखवतात, शासनाकडे गेलात की मंडळाकडे. म्हणून मागण्यांचे दोन वेगळे कागद करावे लागतात. नियुक्तिपत्र, सेवापुस्तक, रजा आणि बँकेतून पगार हे मंडळाकडे मागायचे. अनुदानाचा दर, वेतनश्रेणी आणि निवृत्तीनंतरची तरतूद हे शासनाकडे. दोन्ही एकाच निवेदनात घातले की दोघांनाही ते दुसऱ्याकडे ढकलायला सोयीचे जाते.

आता पैशाचा हिशेब, कारण तोंडपाठ असावा असा तुमचा पहिला कागद हाच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, अनुदानाचे नियम १९७० चे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग, आणि जिल्हा, तालुका व इतर असे प्रकार. २०१२ च्या दरांप्रमाणे इतर 'अ' वर्गाला वर्षाला २,८८,००० रुपये, 'ब' ला १,९२,०००, 'क' ला ९६,००० आणि 'ड' ला ३०,०००. यातला निम्मा भाग वेतनाचा, निम्मा वेतनेतर. कर्मचारी अनुक्रमे चार, तीन, दोन आणि एक. भागाकार करून पाहा. 'ड' वर्गातल्या एकट्या ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला १,२५० रुपये. 'क' मध्ये दोघांना प्रत्येकी २,०००. 'अ' मध्ये चौघांची सरासरी ३,०००. पुढे दहा-एक वर्षांनी अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली. ऐकायला मोठी, पण त्याच रीतीने मांडली तर 'ड' मध्ये २,०००, 'क' मध्ये ३,२०० आणि 'अ' मध्ये सरासरी ४,८०० होतात. ताजा शासन निर्णय कोणताही असो, त्याचे आकडे घेऊन हीच मांडणी एका पानावर करा आणि खाली निर्णयाचा दिनांक व सांकेतांक लिहा. "तुटपुंजे मानधन" या शब्दांनी कोणी हलत नाही. "महिन्याला ३,२००, म्हणजे दिवसाला १०७ रुपये" हे वाचून आमदारही क्षणभर थांबतो.

याच हिशेबातून मुख्य मागणी निघते. अनुदान वाढवा, एवढीच मागणी वर्षानुवर्षे झाली आणि वाढ मिळाली की आंदोलन विरले. पगार हा पुस्तके, वीजबिल आणि भाडे यांच्याच पिशवीतून काढायचा असेल तर ग्रंथपालाचा पगार वाढणे म्हणजे नव्या पुस्तकांवर घाला, असे चित्र उभे राहते आणि वाचक तुमच्यापासून तुटतो. म्हणून मागायचे ते वेगळे वेतन अनुदान: पदनिहाय, वेतनश्रेणीशी जोडलेले, थेट कर्मचाऱ्याच्या खात्यात. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचा विचार शासनाने नेमलेल्या पत्की समितीने केलेला आहे. तिच्या अहवालाची प्रत जवळ ठेवा आणि त्यातल्या शिफारशींचा क्रमांकासह उल्लेख करा. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न समोरून येणारच. त्याचे उत्तर दक्षिणेतल्या राज्यांत आहे. तमिळनाडूत १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे, कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यातही तो आहे, केरळातही आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही, आणि राज्याच्या अंदाजपत्रकातली तरतूद कमी-जास्त झाली की थेट तुमचा पगार थांबतो, त्याचे मूळ इथे आहे.

आता संघटना. राज्यात शासनमान्य ग्रंथालये अकरा-बारा हजार आणि सेवक वीस हजारांहून अधिक, पण एका छताखाली एक किंवा दोन. कारखान्यासारखे गेटवर उभे राहून सभासद मिळत नाहीत. इथे एकक तालुका धरावा आणि नोंदणी जिल्ह्याची करावी. सगळ्यात आधी तुमच्या जिल्ह्यात सेवकांची नोंदणीकृत संघटना आहे का, हे कामगार आयुक्त कार्यालयातून पाहा. असेल तर तिच्यातच जा. दुसरी काढू नका, दोन संघटनांच्या दोन निवेदनांसारखे प्रशासनाला सोयीचे काही नसते. जिल्हा ग्रंथालय संघ ही वेगळी गोष्ट आहे. तो ग्रंथालयांचा संघ, त्यात संस्थाचालकही असतात. अनुदानवाढीसाठी तो तुमचा भक्कम साथी, पण सेवापुस्तकाच्या प्रश्नावर तो तुमच्या बाजूने उभा राहील, असे गृहीत धरू नका.

नोंदणीसाठी किमान सात अर्जदार लागतात. शिवाय अर्जाच्या दिवशी त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद हवेत. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात ही अट होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. समजा जिल्ह्यात ६५० सेवक आहेत, तर ६५ सभासद. काठावरचे ६५ घेऊन अर्ज करू नका, ९० तरी करा. पडताळणीच्या वेळी काही जण सोडून गेलेले असतात, काहींची नावे दोनदा असतात, आणि काही जण सचिवांच्या दबावाखाली "मी सही केली नाही" म्हणतात. प्रत्येक सभासद अर्जावर ग्रंथालयाचे नाव, वर्ग, पद, नेमणुकीची तारीख आणि पहिल्या वर्गणीच्या पावतीचा क्रमांक असावा. घटनेत नाव, उद्दिष्टे, निधीचा विनियोग, सभासद यादी, वर्गणी, पदाधिकाऱ्यांची निवड, लेखापरीक्षण आणि विसर्जन ही कलमे लागतातच. एकही सुटले की अर्ज परत येतो.

वर्गणी महिन्याला २० रुपये ठेवा आणि वर्षाची एकरकमी अनुदानाच्या पहिल्या हप्त्यानंतर गोळा करा. दोन हजार मिळवणाऱ्याकडून महिन्याला पन्नास मागाल तर पहिल्या सहामाहीत निम्मे गळतील. हिशेबाची वही दर तालुका बैठकीत उघडी ठेवा. सेवकांच्या छोट्या संघटना मोडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मतभेद नसून न दाखवलेली वही असते. आणि वार्षिक विवरणपत्र चुकवू नका, त्यापायी नोंदणी रद्द होते.

कायद्याच्या दोन-तीन अडचणी उघडपणे सांगायला हव्यात, नाहीतर पुढे निराशा पदरी येते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात 'उद्योग' या शब्दाचा अर्थ फार व्यापक केला होता आणि शिक्षणसंस्था, क्लब, धर्मादाय संस्थाही त्यात येऊ शकत होत्या. नव्या संहितेने ही व्याख्या आकसली आहे. पूर्णतः किंवा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था तिने व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. सार्वजनिक न्यासाने चालवलेल्या वाचनालयाविरुद्ध औद्योगिक वाद उभा केला तर समोरचा वकील पहिला हाच मुद्दा काढेल. म्हणून बडतर्फीचे प्रकरण असेल तर कामगार कायद्याच्या जाणकार वकिलाला आधी कागद दाखवा, मग दावा. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कामगार संघटना मान्यता कायद्यातली मान्यताप्राप्त संघटनेची तरतूद पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांसाठी. ती तुमच्या उपयोगाची नाही.

भविष्य निर्वाह निधीला साधारणपणे वीस, कर्मचारी राज्य विम्याला दहा, उपदानालाही (ग्रॅच्युइटी) दहा कर्मचारी लागतात. म्हणजे 'क' आणि 'ड' वर्ग या तिन्हींतून बाहेर. मात्र शहरातल्या जुन्या, मोठ्या ग्रंथालयांत दहा माणसे असतात आणि तिथे उपदान हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. हिशेब सोपा: शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. ४,८०० रुपये वेतन आणि २२ वर्षे सेवा असेल तर सुमारे ६०,९०० रुपये. एकदा कायदा लागू झाला की पुढे कर्मचारी दहाच्या खाली आले तरी तो लागूच राहतो. हे बऱ्याच मंडळांना ठाऊक नसते, आणि सेवकांना तर नसतेच.

सगळ्यांना लागू पडू शकेल अशी वाट वेतन संहितेची आहे. जुना किमान वेतन कायदा अनुसूचीतल्या धंद्यांपुरता होता, नवी संहिता सर्व रोजगारांना धरते. पण इथे पहिला युक्तिवाद येईल तो "तुम्ही अर्धवेळ आहात" हा. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास दार उघडे असते, मधल्या वेळेत दाखलनोंदी आणि बांधणी चालते, तरी कागदावर अर्धवेळ. म्हणून आजपासून उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ रोज लिहा, फलकावरच्या वेळापत्रकाचा तारखेसह फोटो ठेवा, आणि वार्षिक अहवालात वेळ काय दाखवली आहे ते पाहा. अनुदानासाठी पूर्ण वेळ दाखवून पगारासाठी अर्धवेळ म्हणता येत नाही.

मंडळाशी बोलताना एक भान ठेवावे. बहुतेक ठिकाणी अध्यक्ष-सचिव बिनपगारी काम करतात, मान्य खर्चातला दहा टक्के वाटा संस्थेने उभा करायचा असतो आणि तो ते देणग्यांतून गोळा करतात. त्यांना शत्रू केलेत तर गावात तुम्ही एकटे पडाल. पण कागदाच्या बाबतीत भीड नको. कोऱ्या व्हाउचरवर सही करायची नाही. जेवढी रक्कम हातात आली तेवढ्याचीच पावती द्यायची. पगार बँकेतूनच मागायचा. जास्त रकमेवर सही करून कमी घेतलेत तर वसुलीच्या वेळी तुमचीच सही तुमच्याविरुद्ध उभी राहते. मागणीपत्र एका पानाचे असावे: नियुक्तिपत्र, सेवापुस्तक, रजेचा ठराव, बँकेतून पगार, आणि हप्ता उशिरा आला तर संस्थेच्या निधीतून उचल. पोच घ्यावी, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, मग चर्चेसाठी वेळ, आणि झालेल्या चर्चेचे टिपण दोघांच्या सहीने. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना प्रत त्यानंतरच. पहिल्याच पत्राची प्रत वर पाठवली की तो संवाद राहत नाही, तक्रार होते.

संस्थेचे कागद नीट असणे हाही तुमच्या पगाराचा प्रश्न आहे. अनुदान दोन हप्त्यांत येते. वार्षिक अहवाल किंवा सनदी लेखापालाचे हिशेब उशिरा गेले, विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल झाला नाही, किंवा दोन गटांत वाद लागला, की हप्ता अडकतो. दुसरी फसगत अशी: अनुदान मान्य खर्चाच्या नव्वद टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी कमी असेल तेवढे मिळते. संस्थेने खर्च कमी दाखवला की अनुदानच खाली येते. मार्च उजाडण्याआधी, डिसेंबरातच, सचिवांबरोबर बसून खर्च कुठवर आला ते पाहा.

आता गाव. "चार म्हाताऱ्यांची जागा" हे तुम्ही भाषणाने पुसू शकणार नाही, नोंदवहीने पुसाल. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ही परंपरा अभिमानाची आहे आणि भाषणात लोक टाळ्याही देतात, पण अंदाजपत्रक करणारा अधिकारी विचारतो: आज रोज किती माणसे येतात? बहुतेक ग्रंथालये सभासदसंख्या सांगतात. सभासद शंभर असतील, पण मुक्तद्वार वाचनकक्षात पेपर वाचणारा, अभ्यासिकेत बसणारा, सातबाराचा अर्ज कसा भरायचा ते विचारायला येणारा, यांतला कोणीच सभासद नसतो. तुमच्या कामाचा मोठा भाग तिथेच अदृश्य होतो.

म्हणून सलग चौदा दिवस मोजा. महिना साधा निवडा. दिवाळी नको, मेची सुटी नको, परीक्षेचा आठवडा नको. दाराशी एक तक्ता: तास आडवे, आणि उभ्या रकान्यांत पेपर वाचणारे, देवघेव, अभ्यासिका, मुले, चौकशी. प्रत्येक माणसामागे एक रेघ. सकाळी येऊन संध्याकाळी पुन्हा आलेला दोनदा मोजला जाईल, म्हणून आकड्याला 'भेटी' म्हणा, 'माणसे' म्हणू नका. गोल आकडे लिहू नका. ८० पेक्षा ७७ वर विश्वास बसतो. चौकशीच्या रकान्यात विषय एका शब्दात: शिष्यवृत्ती, पीकविमा, निकाल, पत्ता. चौदा दिवसांनी हाच रकाना सर्वांत बोलका ठरतो, कारण पुस्तकांचे कपाट जे करू शकत नाही ते इथे माणसाने केलेले दिसते. कोण काय वाचतो हे मात्र कधीही बाहेर सांगायचे नाही, मोहिमेसाठीही नाही.

त्याबरोबर पैशातले मूल्य काढा. समजा वाचनालयाने ४० दिवाळी अंक घेतले आणि प्रत्येकी सरासरी ३०० रुपये धरले, तर खर्च १२,०००. प्रत्येक अंक हंगामात १५ घरांत गेला तर ६०० वाचने झाली. त्यातल्या दहातल्या एकानेच अंक विकत घेतला असता असे धरले तरी १८,००० रुपये गावाचे वाचले. अशी मांडणी नेहमी कमी बाजूने करा. एक आकडा फुगवलेला सापडला की सगळा कागद खोटा ठरतो. अभ्यासिकेसाठी सर्वांत सोपी तुलना: तालुक्यातल्या खासगी अभ्यासिकेचे महिन्याचे शुल्क गुणिले तुमच्याकडे नियमित बसणारी मुले.

हा कागद घेऊन ग्रामसभेत जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या. विषय विषयपत्रिकेत यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी लेखी द्या. ऐनवेळच्या विषयात गेला तर नुसता "चर्चा झाली" एवढाच उल्लेख राहतो. ठरावात वाचनालयाच्या भेटींचा आकडा, ग्रामपंचायतीने स्वनिधीतून किती रक्कम कशासाठी द्यावी, आणि वेतन अनुदानाच्या मागणीला पाठिंबा, इतकेच असावे. वित्त आयोगाच्या निधीतून पगार मागू नका, तो आस्थापना खर्चाला चालत नाही. आमदार निधीतूनही इमारत होते, कपाटे होतात, पगार होत नाही. ठराव वाचकाने मांडावा, तुम्ही नव्हे. अभ्यासिकेतून पोलीस भरतीत किंवा तलाठी परीक्षेत निवडलेल्या मुलाने मांडला तर उत्तम, आणि अनुमोदन पालकाचे. कोणत्याही पक्षाचा गमछा त्या दिवशी जवळ नको.

विधिमंडळाचे वेळापत्रक ओळखून चालावे. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पावसाळी जून-जुलैत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. हिवाळीला मोर्चा काढायची प्रथा आहे, पण पुढच्या वर्षाचे विभागाचे प्रस्ताव शरद ऋतूतच तयार होत असतात. तेव्हा उच्च व तंत्रशिक्षण विभागाला आणि संचालनालयाला लेखी मागणी सप्टेंबरपर्यंत गेलेली हवी. तारांकित प्रश्न हवा असेल तर अधिवेशनाच्या दोन महिने आधी आमदारांना प्रश्नाचा मसुदाच द्या, निवेदन नव्हे. प्रश्न असा असावा की उत्तरात आकडा द्यावा लागेल: जिल्ह्यात मंजूर पदे किती, गेल्या तीन वर्षांत हप्ते कोणत्या तारखांना वितरित झाले, पत्की समितीच्या कोणत्या शिफारशी अमलात आल्या. हीच माहिती दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने तीस दिवसांत आधी मागून ठेवा, म्हणजे सभागृहातले उत्तर ताडून पाहता येते.

राहिला संपाचा विचार. मन त्याकडे धावते हे समजण्यासारखे आहे, पण वाचनालय बंद ठेवणे हे तुमचे सर्वांत दुबळे हत्यार आहे. त्याने शासनाचे काही अडत नाही, अडते ते अभ्यासिकेतल्या मुलाचे आणि पेपरची वाट पाहणाऱ्या आजोबांचे. जिल्ह्याच्या ठिकाणी धरणे धरायचे तर साप्ताहिक सुटीच्या दिवशी धरा. इतर दिवशी दार उघडे ठेवून फळ्यावर रोज दोन ओळी लिहा: आज किती भेटी झाल्या आणि आज ग्रंथपालाला किती रुपये मिळाले. तालुक्यातल्या सगळ्या वाचनालयांत एकाच दिवशी फळा लागला पाहिजे. पहिल्या बैठकीत हाच एक कार्यक्रम ठरवा आणि बैठकीला यायचे भाडे वर्गणीतून द्या, कारण दोन हजार पगारातून एसटीचे तिकीट काढून कोणी दुसऱ्यांदा येत नाही.